बारा पेरं

"थांबा, येतंय."

एवढंच म्हणायचे ते. दोन्ही हात पाठीमागे, मान जराशी खाली, नजर खिडकीबाहेरच्या लिंबावर. समोर एखादं पोर उभं असायचं, गप्प. प्रश्न विचारून झालेला असायचा. आणि पाठीमागे त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सावकाश चालत असायचा. करंगळीपासून सुरुवात. एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा. बारावं पेर येईपर्यंत हा माणूस तोंड उघडायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला उघडू द्यायचा नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? करून बघा. घरात कुणाला तरी काही विचारा आणि बारा पेरं गप्प बसा. तिसऱ्या पेराला जीभ वळवळायला लागते. माझी तर दुसऱ्यालाच. मी केंद्रप्रमुख होतो, म्हणजे दहा-बारा शाळांवर फिरायचं, वह्या तपासायच्या, माहिती गोळा करायची आणि वर पाठवायची. आमच्याकडे प्रश्न विचारायचा तो आपल्याला उत्तर येतं हे दाखवण्यासाठी. त्यामुळे या गुरुजींच्या वर्गात बसलं की मला अंगावर मुंग्या चढल्यासारखं व्हायचं.

पाथर्डी तालुक्यात, डोंगराला टेकलेल्या एका वस्तीवर त्यांची शाळा होती. दोन खोल्या, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. दुसरा शिक्षक येतानाच परत जायचा अर्ज खिशात घेऊन यायचा. हे मात्र तिथेच राहिले. बदलीची वेळ आली की ते पुन्हा तीच शाळा मागायचे आणि ती दुसरं कुणी मागतच नसल्यामुळे त्यांना बिनतक्रार मिळायची. ठेंगणे, पोट सुटलेलं, शर्टाचं खालचं बटण कायम जीव मुठीत धरून असलेलं. गुडघे दुखायचे, तरी दिवसातला निम्मा वेळ ते जमिनीवर बसलेले असायचे.

मी पहिल्यांदा त्या शाळेत गेलो तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी माझी पॅन्ट उसवली. पोरं उठून उभी राहिली, "नमस्ते" झालं, आणि मी सवयीने खुर्ची शोधायला लागलो. गुरुजी म्हणाले, "साहेब, आधी खाली बसा." मी दाराजवळच्या पट्टीवर बसायला गेलो. "इथं नाही. तिकडं, पार शेवटी." मी शेवटच्या पट्टीवर बसलो, तेव्हाच ती शिवण गेली. "आता फळा वाचा," म्हणाले.

फळ्यावर काहीतरी लिहिलेलं होतं एवढं कळत होतं. दारातून येणारं ऊन नेमकं फळ्यावर पडून सगळा फळा पांढरा झाला होता. मी डोळे बारीक केले, मान वाकडी केली. काही उपयोग नाही.

"दिसत नाही ना?" ते म्हणाले. "मला हे कळायला सात वर्षं लागली. मी आपला कायम उभा. उभं राहिलं की दिसतं सगळं. सात वर्षं मी या मागच्या पोरांच्या नावापुढं 'ढ' म्हणून खूण करत होतो, साहेब."

हे सांगताना ते हसले नाहीत. मी मात्र हसलो आणि मग पुन्हा फळ्याकडे बघितलं. त्यांनी समोरच्या भिंतीवर नवीन फळा रंगवायची परवानगी मागितली. मी विचार करून सांगतो म्हणालो. दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा फळा रंगवून वाळलासुद्धा होता.

त्या फळ्यानंतर त्यांना चटकच लागली. एका उन्हाळी सुट्टीत त्यांनी वर्गाच्या तिन्ही भिंती पोरांच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत काळ्या करून टाकल्या. प्रत्येक पोराला भिंतीचा एकेक हात तुकडा. लिहा, पुसा, चित्रं काढा. पोरं भिंतीला तोंड करून उभी राहायची आणि गुरुजी मागून फिरत फिरत कोण कुठे अडलंय ते बघायचे. चूक झाली तर फडक्याने पुसली की संपलं. वहीतली चूक पोराला रात्रभर छळते, भिंतीवरची छळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे वरून 'बोलक्या भिंतीं'चं पत्र आलं. प्रत्येक शाळेच्या भिंतींवर फुलपाखरं, आगगाडीच्या डब्यांत पाढे, फळांची नावं वगैरे रंगवायचं आणि फोटो पाठवायचे. मी रंगारी घेऊन गेलो. गुरुजींनी त्याला चहा पाजला, त्याच्या गावाकडची चौकशी केली आणि परत पाठवला. मला म्हणाले, "साहेब, भिंत बोलायला लागली की पोरं गप्प बसतात." मी लई चिडलो. पण पुढची चार वर्षं 'काम प्रगतिपथावर आहे' असा शेरा मीच लिहीत राहिलो, तोही माझ्या अक्षरात.

आता राणीचं सांगतो, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

राणी त्या वस्तीवरची. पहिलीचं अख्खं वर्ष ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. आई-बाप ऊसतोडीला जाणारे, तीही त्यांच्याबरोबर जायची. मला वाटायचं पोर मुकी आहे, तशी माहिती भरून टाकावी. गुरुजी म्हणायचे, "मुकी नाही. तिचं लांबून येतंय." लांबून म्हणजे कुठून ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

ती दुसरीत असताना, भाद्रपदात, जिल्ह्याहून एक मोठे साहेब तपासणीला आले. मी त्यांच्या मागे, माझ्या मागे आणखी दोघं. साहेबांनी राणीला उभं केलं आणि विचारलं, "बाळ, तुमच्या गावाजवळून कोणती नदी वाहते?"

राणी गप्प. साहेब दोन क्षण थांबले आणि शेजारच्या पोराकडे बोट करणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा, येतंय."

प्राथमिकच्या शिक्षकाने आपल्याला थांबा म्हणावं याची साहेबांना सवय नव्हती. गुरुजी खिडकीबाहेर लिंबाकडे बघतायत, अंगठा चाललाय. मी उभा होतो तिथून मला तो दिसत होता. आठवं पेर. नववं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. अकरावं.

"नदी न्हाई," राणी म्हणाली. "वढा हाय. त्याला नाव न्हाई."

वर्ग हसला, साहेबही हसले. गुरुजींनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरल्यासारखं केलं आणि बराच वेळ तो रुमाल तोंडावरून काढला नाही. मग म्हणाले, "बघा साहेब. पोरीचं उत्तर बरोबर होतं, प्रश्नच चुकला होता." गाडीत बसल्यावर साहेबांनी मला विचारलं, "कोण हो हा माणूस?" मी म्हणालो, "जरा विक्षिप्त आहेत, साहेब, पण काम चांगलं आहे." त्यातलं पहिलं अर्धं वाक्य मला आजही गिळता येत नाही.

दसरा झाला की त्या वस्तीचा रंग बदलतो. मुकादमाचे ट्रॅक्टर येतात, भांडीकुंडी, गोधड्या, शेळी, कोंबड्या आणि पोरं असं सगळं वर चढतं आणि वस्ती सांगली-कोल्हापूरकडे निघून जाते. मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली थोडी पोरं. निम्म्याहून जास्त वर्ग रिकामा. गुढीपाडव्याच्या आगेमागे ट्रॅक्टर परत येतात. पोरं उतरतात ती काळवंडलेली, हातावर उसाच्या पात्याचे चरे, आणि दसऱ्याआधी जे येत होतं त्यातलं बरंचसं विसरून.

"सहा महिने माझी, सहा महिने कुणाचीच नाहीत," गुरुजी म्हणायचे. त्यांच्या मनाला एवढी एकच गोष्ट लागून राहिली होती. तिकडे कारखान्याजवळ शाळा असतात. एखादं पोर तिथे जाऊन बसलं, तर इथे सोडलेलं सूत तिथल्या शिक्षकाने पुढे धरावं. बाकी त्यांचं काही मागणं नव्हतं. पगारवाढीचे मोर्चे, पुरस्कार, कशातच हा माणूस नव्हता.

त्यासाठी त्यांनी चिठ्ठ्या सुरू केल्या. राणी शाळेत यायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. तिची थोरली बहीण सविता तेव्हा चौथीत होती. वहीचं पान फाडायचं, त्यावर प्रत्येक पोराबद्दल चार ओळी, खाली स्वतःचा फोन नंबर, घडी घालून पोराच्याच दप्तरात. "तिथल्या गुरुजींच्या हातात तू स्वतः द्यायची," असं पोराला बजावायचं. त्या चिठ्ठ्यांत गुण नसायचे, टक्के नसायचे. एकात लिहिलं होतं, "डाव्या हाताने लिहितो, मोडू नये." दुसऱ्यात, "उजव्या कानाने कमी ऐकते, शिक्षकाच्या उजव्या हाताला बसवू नये, डाव्या हाताला बसवावे." हे लिहिताना ते स्वतः वर्गात उभे राहून, वळून, बसून खात्री करत होते हे मी पाहिलंय. सविताच्या चिठ्ठीत होतं, "वजाबाकी येते. हातचा घेताना घाबरते. तेवढ्यापुरतं जवळ उभं राहावं."

त्या पौषात त्यांना सांगलीकडून एक फोन आला. कुण्या अनोळखी शिक्षकाचा. "तुमची सविता आमच्या वर्गात बसते. हातच्याचं लिहिलंत ते बरं झालं." एवढंच. पुढे महिन्याभराने आणखी एका शाळेचा फोन आला. गुरुजींनी मला ती गोष्ट चार वेळा सांगितली आणि चारही वेळा फोन कानाला लावल्यासारखा हात करून सांगितली.

आता इथे मी येतो. हे मला टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं.

मला ती कल्पना फार आवडली. मी म्हणालो, "गुरुजी, पण हे असं वहीच्या पानावर? कोण किंमत देणार? चांगलं कार्ड छापून घ्या. शाळेचा गोल शिक्का मारा. पालकसभा घ्या, पालकांच्या हातात द्या आणि मिळालं म्हणून सही घ्या."

ते म्हणाले, "पोरांच्या हातात दिलं तर पोरं देतात, साहेब."

"पोरं हरवतात," मी म्हणालो.

ते खिडकीबाहेर बघायला लागले. हात पाठीमागे गेले होते. काहीतरी यायचं होतं त्यांच्याकडून. पण मला पुढच्या शाळेवर जायचं होतं. "मग ठरलं," म्हणून मी उठलो.

पाथर्डीच्या एका छापखान्यातून पिवळी, जाड कार्डं आली. पुढे मुलाचं नाव, इयत्ता, शाळा, गुरुजींचा फोन नंबर आणि गोल शिक्का. पाठ कोरी, गुरुजींसाठी. त्या पाठीवर ते बारीक अक्षरात काठोकाठ लिहायचे. दसऱ्याआधी सभा झाली. एकेक बाप, एकेक आई पुढे आली, कुणी सही केली, कुणी अंगठा उठवला, आणि दोन्ही हातांनी कार्ड घेतलं. मी फोटो काढले. अहवाल लिहिला, 'स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठी नवोपक्रम'. तालुक्याला कार्यक्रम झाला, तिथे मला प्रमाणपत्र मिळालं. गुरुजींना मिळालं नाही, कारण उपक्रम केंद्राच्या नावाने गेला होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला पेढा भरवला.

त्या वर्षी एकही फोन आला नाही.

"थांबा, येतंय," ते म्हणायचे. माघ संपला, फाल्गुन संपला. कार्डावर आपला नंबर चुकीचा छापलाय का म्हणून त्यांनी दोनदा तपासलं. पोरं परतल्यावर एकेका पालकाला विचारलं, "कार्ड दिलं होतं का तिकडं?" सगळे म्हणाले, "व्हय गुर्जी." आता त्या वस्तीवर गुरुजींना नाही म्हणायची रीतच नव्हती. गुरुजींनी विचारलं की व्हय म्हणायचं. पोरांच्या उत्तरासाठी बारा पेरं थांबणारा हा माणूस मोठ्या माणसांच्या पहिल्याच व्हयवर विश्वास ठेवून बसला.

दुसऱ्या वर्षीही तसंच. राणी दसऱ्याआधी ओढ्याचं सांगून गेली होती, ती चैत्रात परत आली ती पुन्हा पहिल्यासारखी गप्प. गुरुजींनी परत करंगळीपासून सुरुवात केली. तिसऱ्या वर्षी मी विचारलं, "काय म्हणतात तुमची कार्डं?" तर म्हणाले, "तिकडचे लोक वाचत नसतील. त्यांना त्यांचीच पोरं जड झाली असतील, आपली पाहुणी पोरं कोण बघतो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. पण मी काय केलं, तर पुढच्या वर्षीची कार्डं वेळेवर छापून घ्या म्हणालो. चौथ्या वर्षानंतर त्यांनी ती छापलीच नाहीत.

त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी त्यांच्या वर्गात शेवटचा बसलो. आता मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी आपणहून शेवटच्या पट्टीवर गेलो. फळा स्वच्छ दिसत होता. गुरुजींनी एका पोराला उभं करून काहीतरी विचारलं. पोर गप्प. हात पाठीमागे गेले. अंगठा करंगळीवरून अनामिकेवर आला आणि तिथेच थांबला.

"बरं, बस," गुरुजी म्हणाले, आणि उत्तर त्यांनीच सांगून टाकलं.

मधल्या सुट्टीत आम्ही लिंबाखाली उभे होतो. मी काही विचारलं नाही, तेच बोलले. "साहेब, इथं मी थांबतो. त्यांना वाटतं सगळीकडंच माणसं थांबतात. मग तिकडं जातात, तिथं कुणी थांबत नाही, आणि पोर आणखीनच मिटतं. मीच बिघडवली की काय ही पोरं?"

मी म्हणालो, "असं म्हणू नका, गुरुजी." यापेक्षा बरं काहीतरी मला सुचायला हवं होतं.

निरोपसमारंभात शाल-नारळ झाला, आणि 'दोन शब्द' बोलायला ते उभे राहिले. बराच वेळ ते बोललेच नाहीत. समोरची मंडळी चुळबुळायला लागली, कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि सूत्रसंचालकाने माईक काढून घेतला. ते हात जोडून खाली बसले. त्यांना काय सांगायचं होतं कोण जाणे. पुढे मीही निवृत्त झालो, नगरला राहायला आलो. अधूनमधून फोन व्हायचा, तो दरवेळी थोडा आखूड. एका थंडीत त्यांच्या मुलाचा फोन आला की बाबा गेले. हार्टचं होतं. सकाळी अंघोळीला पाणी तापवत होते. दशक्रियेला शाळेतली चार-दोन माणसं होती. वस्तीवरचं कुणीच नव्हतं. वस्ती ऊस तोडत होती.

परवाच्या चैत्रात त्या बाजूला एक लग्न होतं. जेवण झाल्यावर मला काय वाटलं, मी रिक्षा करून वस्तीवर गेलो. रविवार होता, शाळा बंद. खिडकीच्या गजांतून आत बघितलं. काळ्या भिंती गेल्या होत्या. खालपासून वरपर्यंत फुलपाखरं, आगगाडी, डब्यांत पाढे. रंग चांगला होता. मी काढला नसता तरी चाललं असतं असा एक फोटो काढला आणि परत फिरलो.

"साहेब न्हवं का तुमी?" हापशावरून एका बाईने हाक मारली. राणीची आई. ओळखायला मला वेळ लागला, इतकी वाळली होती. "चला की, घोटभर च्या घ्या."

पत्र्याचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. मी बसलो आणि गुरुजी गेल्याचं सांगितलं. तिला माहीत नव्हतं. तिने तोंडाला पदर लावला. "देवमानूस हुता," म्हणाली. मग एकदम उठली. "त्यांचं कागद हायेत की माज्याकडं. थांबा, दावते."

आतून तिने पत्र्याची पेटी आणली. कुलूप उघडलं. रेशनकार्ड, आधारकार्डं, सातबाऱ्याचा उतारा, आणि त्या सगळ्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत, दोऱ्याने बांधलेली चार पिवळी कार्डं. राणीची, पहिली ते चौथी. एकालाही घडी नाही, डाग नाही. जशी मी फोटोत बघितली होती तशीच.

"हे तिकडं शाळेत दिलं नव्हतंत?" मी विचारलं.

बाई माझ्याकडे बघतच राहिली. "आसं कसं द्यावं, साहेब? शिक्का हाय त्याच्यावर. शिक्क्याचा कागद हातातनं सोडत न्हाईत. आन् म्या अंगठा दिल्ता की घेताना. उद्या गुर्जींनी मागितला तर कुटनं आनायचा? दरसाल न्यायची पेटीतनं, तिकडं कोपीवर, झोपडीत, उशाला ठिवायची, आन् परत आनायची. सगळ्यांनीच जपल्यात, निसती मीच न्हाई." मग जरा अभिमानाने म्हणाली, "थोरल्या सविताची चिठ्ठी साधीच हुती, वहीच्या पानाची. ती तिनंच दिऊन टाकली तिकडच्या मास्तराला. ह्ये मातुर म्या जपलं."

हातातला चहा मी खाली ठेवला. फोन का आले नाहीत ते मला आता कळलं होतं आणि ज्यांना कळायला हवं होतं ते नव्हते. त्यांचं अक्षर वाया गेलं होतं ते तिकडच्या कुणा शिक्षकामुळे नव्हे. शिक्का मारा, सही घ्या, असं मी सांगितलं होतं. ते प्रमाणपत्र अजून माझ्या घरी कपाटात आहे.

मी कार्डं उलटून बघितली. पहिल्याची पाठ काठोकाठ भरलेली. दुसऱ्याचीही. तिसऱ्यावर चार ओळी. चौथ्याची पाठ कोरी. नुसता पलीकडून उमटलेला शिक्का.

राणी घरातून बाहेर आली. हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मणी. यंदा नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच तोडीला जाऊन आली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून लग्नाची घाई केली, असं आईने आपणहून सांगितलं. वय विचारायचं धाडस मला झालं नाही. मी दुसऱ्या वर्षीचं कार्ड तिच्या हातात दिलं. ज्या वर्षी ती ओढ्याचं बोलली होती, ते.

ती उंबऱ्यात बसून बोट फिरवत वाचायला लागली. ते आपल्याबद्दल आहे हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. "हिला मुकी समजू नये. प्रश्न विचारल्यावर लगेच दुसऱ्याकडे वळू नये. हाताची बारा पेरं मोजावीत. उत्तर येते. आमच्याकडे आले आहे."

वाचून झालं तरी ती कार्डाकडेच बघत होती. मी विचारलं, "राणी, तिकडच्या शाळेत गेली होतीस का कधी?"

ती गप्प. आई सांगायला तोंड उघडणार, तशी मी तिला हाताने थोपवलं. दुसरा हात पाठीमागे नेला. करंगळी झाली. अनामिका झाली. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मधलं बोट झालं. मी अंगणातल्या उन्हाकडे बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मी बाराव्या पेरापर्यंत पोचलो.

"दुसरीत आस्ताना गेल्ते," राणी म्हणाली. "आई सोडून आल्ती. मास्तरांनी नाव इचारलं. ते म्हनले, हिला बोलता येत न्हाई, घिऊन जा हिला."

ती थांबली. मीही थांबलो.

"मी सांगनारच हुते," ती म्हणाली.

आईने तिच्या हातातून कार्ड घेतलं, पदराने पुसलं, बाकीच्या तिन्हींबरोबर पिशवीत घालून दोरा बांधला, आणि पेटीला कुलूप लावलं.